मेथीच्या वाफ्यातलं तण

ती. आईस,
तुझ्या खरबरीत हातांना नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. काम तेच: जुन्या वस्तीची माती पाण्यात कालवायची, वर तरंगलेलं जळकं बी वेचायचं आणि तिथे काय पिकत होतं ते ओळखायचं. बोलायला कोणी नाही, म्हणून बियांशीच बोलते. हसू नकोस!

काल खोदकामाच्या वरच्या, म्हणजे वस्तीच्या शेवटच्या काळातल्या थरात धान्य थोडं आणि तणाचं बीच फार निघालं. म्हणजे शेत कसणारं माणूस गेलं, नाहीतर त्याचं मन उडालं.

"सगळं छान" म्हणत तू परसाचा फोटो पाठवलास. बाबा गेल्यावर तू हट्टाने जपलेल्या मेथीच्या वाफ्यात गुडघाभर तण आहे, आई.

जेवतेस ना? तू खरं सांग, मग मीही खरं सांगते.

तुझी,
धाकटी