शेटला नाही कोण म्हणणार?

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

ठाकुर्ली,
९ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मंजुळाआत्यास,
कृतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण आपल्या घरात फोन म्हणजे लाउडस्पीकर. मी “हॅलो आत्या” म्हटलं की आजी स्वयंपाकघरातून, आई गॅलरीतून आणि पप्पा थेट बाथरूममधून उत्तर देतात. म्हणून हे पाकीट. न्यायला टपाल्याही घरचाच आहे. जमिनीच्या केससाठी पप्पा तुझ्या कोर्टात येतातच, त्यांच्याच हाती देतेय. आत ब्लाउजचं माप आहे असं सांगितलंय, त्यामुळे ते जन्मात उघडणार नाहीत. तरी फेव्हिकॉल लावलाय.

आत्या, लायसन्स हातात घेऊन दीड वर्षं घरी बसले होते ना? आता एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या आल्यात! सोमवारी एका मोठ्या एअरलाइनची मेल आली, एअरबसवर को-पायलट म्हणून. मी आनंदाने किंचाळले, पप्पांनी पेढे आणले, आणि मंगळवारी दुपारी स्टेशनच्या कोपऱ्यावर वीस फुटी फ्लेक्सही लावला. ‘समाजाची शान, कॅप्टन कृतिका हिची एअरलाइनमध्ये निवड’. कॅप्टन व्हायला अजून कित्येक वर्षं आहेत हे कोण ऐकतंय! फोटो विनीतदादाच्या हळदीतला, गॉगल लावलेला. खाली चौदा काकांचे चेहरे, सगळ्यांचे हात नमस्कारात. फ्लेक्सवाल्याला एअरबसचं चित्र मिळालं नाही म्हणून त्याने शेजारी एक छोटं खासगी जेट चिकटवलं.

आणि काल नेमकी तशाच छोट्या जेटची ऑफर आली. एका उद्योगपतीचं आठ सीटचं विमान आहे. त्यांच्या मुख्य पायलट कॅप्टन योगिनी. दोघांनाही ३१ तारखेपर्यंत उत्तर हवंय.

एअरलाइनमध्ये शिस्त आहे, मोठं विमान आहे, महिन्याचं रोस्टर आधी हातात मिळतं. सीनियॉरिटीच्या यादीत नंबर लागला की दहा वर्षांनी मी कुठे असेन ते आजच सांगता येईल. छोट्या विमानात यातलं काही नाही. फोन वाजला की निघायचं, आज नांदेड तर उद्या उदयपूर. बॅगा आम्हीच चढवायच्या, थर्मास आम्हीच भरायचा, बिस्किटांचा चुरा आम्हीच उचलायचा. पण लहानलहान धावपट्ट्या, हवा आपण बघायची, वाट आपण आखायची! मुलाखतीला गेले तेव्हा हँगरमध्ये त्याच्या पंखावरून हात फिरवला आणि मला हसूच आवरेना. मुलगी बघायला गेलेल्या मुलासारखी माझी अवस्था.

घरी हे बोलले नाही. ‘मैत्रिणीला अशी नोकरी आलीय’ असं म्हणून अंदाज तेवढा घेतला. पप्पा म्हणाले, शेटची गाडीच हाकायची तर त्यासाठी आकाशात कशाला जायचं? आपल्या भिवाआजोबांनी मिठागरात शेटच्या हाकेला धावून जन्म काढला, तेवढं पुरे झालं.

आता तूच सांग. बारशाला माझ्या कानात नाव सांगितलंस, आता अक्कलही सांग.

लोभ असू दे, आणि तो लाउडस्पीकरवर नको.

तुझी,
कृतिका

—

घोडबंदर रोड, ठाणे,
१३ ऑगस्ट २०२४

चि. कृतिकास,
मंजुळाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ‘माप’ पोचलं. प्रफुल्लदादाने कोर्टाच्या व्हरांड्यात पाकीट माझ्या हाती दिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला की बाह्या जरा सैल ठेव, पोरीला विमानात हात हलवायला लागतात. मी पदर तोंडाला लावून पळाले.

अभिनंदन किती करू! तुझे आतोबा तर सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून आले. आता तो मला ‘पायलटच्या आत्या’ म्हणून सलाम ठोकतो. इतकी वर्षं कोर्टात स्टेनो आहे, त्याचा सलाम कधी मिळाला नव्हता.

आता अक्कल. माझं मत एअरलाइनला आहे. रागावू नकोस, कारण ऐक. तुझे आतोबा वीस वर्षं एका बिल्डरचे पी.ए. होते. साहेबांचा फोन आला की हा माणूस ताटावरून उठायचा. आमटी वाढलेली तशीच राहायची आणि मी तिच्यावर झाकण ठेवायची. वीस वर्षांत मी आमटीपेक्षा झाकणंच जास्त घासली. एअरलाइनच्या पायलटला निदान सुट्टी कधी आहे ते माहीत असतं. तुझ्या हळदीच्या दिवशी शेटला दिल्ली आठवली तर? नवरदेव समजून घेईल गं, पण डीजे लावून आम्ही नाचायचं कुणासमोर?

गंमत सोड. एक गोष्ट मी स्वतःलाही उशिरा सांगितली, ती तुला लवकर सांगते. ‘नाही’ हा शब्द मी रोज साक्षीपुराव्यात शंभरदा टाइप करते, पण तोंडाने म्हणायला मला चाळिशी उजाडावी लागली. तोवर सगळ्यांना हो म्हणत गेले, आणि लोक मला प्रेमळ म्हणत गेले. म्हणून तुझी निवड दादाच्या फ्लेक्सकडे बघून नको, माझ्या झाकणांकडे बघूनही नको.

सोमवारी नारळी पौर्णिमेला राखी बांधायला येतेच आहे. समोरासमोर बोलू. मी कुणाला काही सांगणार नाही, एकवीरा आईची शपथ.

ब्लाउज खरंच शिवून घे, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही.

माया आहेच, ती अंगाला घट्ट बसू दे.

तुझी,
आत्या

—

ठाकुर्ली,
२० ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शपथ मोडायला तुला किती मिनिटं लागली गं? नारळीभाताला फोडणी बसली आणि आजीला सगळं कळलं! तू तिच्या कानात कुजबुजलीस ते ठीक आहे, पण शेजारच्या ठमाबाईंना ऐकू येण्याइतकं कुजबुजणं म्हणजे ते कल्याणपर्यंत जातं. पप्पा त्याच वेळी खाली रिक्षावाल्याशी भांडत होते म्हणून वाचलो.

तू गेल्यावर आजीने मला जवळ बसवलं. मला वाटलं, आता पप्पांचंच पुराण ऐकायला मिळणार. पण तिने एकच प्रश्न विचारला. शेटला नाही म्हणता येईल का गो तुला?

मग सांगत बसली. मिठागरात एकदा मीठ धरून काढायला आलेलं, आणि आभाळ तिला बरं दिसेना. ती म्हणत होती, आजच ओढून बांधावर घेऊ. मुकादम म्हणाला, शेट म्हणतात अजून आठ दिवस राहू दे. तिला कळत होतं, भिवाआजोबांना कळत होतं, पण बोललं कोणीच नाही. तिसऱ्या दिवशी अवकाळी आला आणि पांढरंशुभ्र मीठ पाण्याबरोबर खाडीत गेलं. आजी म्हणाली, चाकरीची लाज नसते बाय, मीठ आमच्या हातचं चोख होतं. कळत असून गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

आत्या, मी उडतच होते, ती एकदम जमिनीवर आले. एअरलाइनमध्ये मागे एकशे ऐंशी माणसं असतात, पण मध्ये दार बंद. इथे शेट दोन हातांवर बसलेला. हवा खराब असेल आणि तो म्हणाला चला, तर? माझ्या तोंडून ‘नाही’ निघेल? मी तर फ्लेक्सवाल्यालासुद्धा नाही म्हणू शकले नाही.

मी हाच प्रश्न कॅप्टन योगिनींना फोनवर विचारला. त्या म्हणाल्या, याचं उत्तर तोंडी देण्यात अर्थ नाही, शनिवारी हँगरमध्ये येऊन दिवसभर बस.

बसते. माझ्यासाठी देवीला नारळ वाढव, आणि यावेळी खरंच गप्प राहा.

कृपा ठेव, कुजबुज नको.

तुझी,
कृतिका

—

ठाकुर्ली,
२५ ऑगस्ट २०२४

ती. पप्पांस,
कृतिकाचा शि. सा. न.

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसाल. पण तुमच्यासमोर उभी राहिले की तुम्ही पेढा भरवता आणि माझं वाक्य पेढ्याखाली जातं. हे तुमच्या चष्म्याखाली ठेवतेय.

मैत्रिणीला आली म्हणाले ती नोकरी मला आलीय. आठ सीटच्या जेटची. सांगायला उशीर केला, चूक माझी.

काल मी त्यांच्या हँगरमध्ये होते. शेटना दुपारी जळगावला पोचायचं होतं, भाचीच्या साखरपुड्याला. मुहूर्त चारचा. हार, मिठाया, दागिन्यांची पेटी, सगळं मी स्वतः विमानात चढवलं. दोन वाजता कॅप्टन योगिनींनी मला हवामानाचा नकाशा दाखवला आणि विचारलं, काय दिसतं? जळगाववर मोठे गडगडाटी ढग होते आणि वाढतच होते. मी म्हणाले, आत्ता जाऊ नये. त्या म्हणाल्या, माझंही तेच मत आहे, आणि निर्णय माझा आहे. आता तो शेटना जाऊन सांग.

मी? मी त्यांची कोणीच नव्हते! पण त्या चहाचा कप घेऊन खिडकीकडे वळल्या.

पप्पा, हँगरपासून त्यांच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं आहेत. मी एकवीरा आईचं नाव घेतलं, मग आजीचं घेतलं. शेट फोनवर होते. मी म्हणाले, सर, आज चार वाजता आपण जळगावला पोचणार नाही. त्यांनी फोन खाली ठेवला. तू कोण, म्हणाले. मी म्हणाले, अजून कोणी नाही. मग ते जोरात ओरडले. मुहूर्त, भाची, बहीण काय म्हणेल, विमान कशाला पोसलंय, सगळं. मी ढगांचा नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाले, सर, साडेसहाला हवा उघडली तर नेऊ, नाही उघडली तर नाही. शब्द एकही चुकला नाही.

त्यांनी नकाशा ओढून घेऊन बघितला. मग बहिणीला फोन लावून म्हणाले, मुहूर्त साधून घ्या, माझी पायलट नाही म्हणतेय. माझी पायलट, पप्पा! साडेसहालाही हवा उघडली नाही. साखरपुड्याच्या मिठाया आम्ही सगळ्यांनी हँगरमध्ये खाल्ल्या. शेटनी रागारागात सगळ्यात जास्त खाल्ल्या.

एअरलाइन चांगलीच आहे, ती मला कमी वाटत नाही. पण मला तेच विमान हवंय. काल एका शेटला नाही म्हणाले. आज तुम्हाला म्हणतेय, ते जास्त अवघड आहे.

रागावा, पण जेवा.

तुमची,
कृतिका

—

ठाकुर्ली,
२८ ऑगस्ट २०२४

चि. कृतिकास,
पप्पांचे आशीर्वाद.

मला असं लिहायची सवय नाही. शेवटचं पत्र तुझ्या आईला लग्नाआधी लिहिलेलं, तेही तिच्या भावाच्या हाती लागलेलं.

तीन दिवस बोललो नाही, कारण रागावलेलो. फ्लेक्सवर चौदा माणसं आहेत, त्यांना काय सांगू असं वाटलेलं. मग परवा दहीहंडीवाले आले, त्यांना त्यांचा फ्लेक्स लावायचा होता, जागा मागायला लागले. मी म्हटलं घ्या. चौदांपैकी एकालाही पत्ता लागला नाही की आपण उतरलो. विनोदच आहे.

मंजुळाला फोन करून झापलं. मला टपाल्या बनवलंत तुम्ही! ती रडायच्या ऐवजी हसायला लागली. मग मीपण हसलो.

तुझं पत्र आईला, म्हणजे तुझ्या आजीला, वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना मी चष्मा पुसायला थांबलो, तर ती म्हणाली, पाणी पी आणि पुढचं वाच. शेट ओरडतो तो भाग तिला लई आवडला.

मी शेटच्या नोकरीला नावं ठेवली, कारण मी माझ्या वडिलांना, भिवादादांना, बघितलेलं. लहान होतो, दादांना ताप होता, बाहेरून हाक आली आणि ते गोधडीतून उठून गेले. मला वाटायचं, शेटचं काम म्हणजे असंच असतं. हवा बघून शेटला थांबवायचं कामसुद्धा असतं, हे मला माहीत नव्हतं.

जा तू. ३१ ची वाट बघू नको, आजच कळव. पण मला एक सांग, आई सकाळपासून विचारतेय आणि मलापण जाणून घ्यायचंय. दादा आयुष्यात कधी शेटसमोर बसले नाहीत. तू हे त्याला उभ्याने सांगितलंस की बसून?

उत्तर लिहूनच दे. आई जपून ठेवणार आहे म्हणते.

तुझे,
पप्पा

—

ठाकुर्ली,
२८ ऑगस्ट, चहाच्या वेळी

ती. पप्पांस व आजीस,
शि. सा. न.

बसून. पाय इतके लटपटत होते की आत गेल्या गेल्या मीच खुर्ची ओढून घेतली.

तुमची,
कृतिका