हवा आधी सोडायची असते

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. कराडला स्टँडमागं तुमचं गाड्यांच्या शॉकअप दुरुस्तीचं दुकान, त्याच्या मागच्या दाराला लागून आपलं स्वयंपाकघर. भाकरी थापता थापता मी तुमचे हात बघायचे. तुम्ही कवठे महांकाळला लग्नाला गेला होता त्या दिवशी रजेवर आलेला एक फौजी मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं. मी पंधरा वर्षांची. नळ्या उतरवल्या, ऑइल सील बदललं, दोन्हीकडं तेल मापून सारखं भरलं. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम परत आला. "अण्णा, लय झकास झालंय. कुणी केलं?" तुम्ही जरासुद्धा न अडखळता माझ्या धाकट्या भावाकडं बोट दाखवलंत. "पोरानं केलं. हात बसलाय त्याचा." बारा वर्षांचा धाकटा पायरीवर बसून बोरं खात होता. फौजी गेल्यावर मला म्हणालात, "बाईच्या हातचं काम हाय कळलं तर गिऱ्हाईक फिरकंल का? चूल आत हाय, तिकडं बघ." त्या संध्याकाळपासून पान्यांच्या पेटीला कुलूप लागलं.

तर ऐका. लग्न होऊन मी साताऱ्याला आले, आणि चाळिशीत सायकल घेतली. कुणीतरी वापरलेली, डोंगरातल्या पायवाटांची, पुढंमागं दोन्हीकडं शॉक असलेली. यवतेश्वरच्या उतारावर दगड आला की मागचा शॉक खाडकन तळाला टेकायचा. शॉकमधली हवा वाढवली तर बारीक खड्यांवरसुद्धा पाठ हादरायची. सगळे म्हणाले, स्प्रिंगचा शॉक टाका. मी हेल्मेट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घालून वजन केलं. सायकलवर बसल्यावर शॉक किती दबतो ते मोजलं. मग हवेचाच शॉक घेतला, पण शेजारी तेलाची जादा टाकी असलेला. लांब उतारावर तेल तापलं की शॉक ढिला पडतो, ते टाकीमुळं लवकर तापत नाही. आत हवेची जागा कमी करणारा एक तुकडा बसवला, म्हणजे सुरुवातीला मऊ आणि शेवटाला घट्ट. पुढचं चाक धरणारा फोर्क जाड नळ्यांचा घातला. दबलेला शॉक किती वेगानं परत उठावा, ते एकेक खटका फिरवत तीन आठवडे त्याच उतारावर जुळवत राहिले, आणि दर खटक्याला तुम्हाला ऐकवत होते, बघा, बाईचा हात. आता सांगलीपासून पोरं माझ्याकडं फोर्क घेऊन येतात. दारावर पाटी आहे. पाटीवर माझं नाव आहे. तुमचं आडनाव मी मुद्दाम गाळलं.

मागच्या महिन्यात भर दुपारी धाकट्याचा फोन आला. तुमचं दुकान आता तोच चालवतो. "अक्का, डोंगरातल्या सायकलीचा मागचा शॉक आलाय. ह्यात स्प्रिंगच न्हाई गं. कसा खोलू?" आत हवा कोंबलेली असते. आधी ती व्हॉल्व्हमधून सोडायची, मगच खोलायचा. एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "अण्णांनी शिकवलंय न्हवं तुला? तसाच खोल." तो हसला. "व्हय, तसंच करतो." फोन ठेवून मी चहा टाकला. चहा उकळताना वाटलं, लावावा परत फोन. नाही लावला. चहा बशीत ओतून सावकाश प्याले. तासाभरानं भावजयीचा फोन. त्यानं शॉक व्हाइसच्या जबड्यात आवळून फिरवला, आणि आटे सुटताच वरची नळी उडाली. अंगठ्याचं हाड मोडलं होतं, हनुवटी फाटली होती.

दवाखान्यात गेले तेव्हा त्याचा हात प्लास्टरमध्ये. टाके पडल्यामुळं धड बोलता येत नव्हतं, तरी बोलला. "माजीच घाई झाली, अक्का. तुला नीट इचारायला पायजे हुतं. तू सांगितलं असतंस." मी मोसंबी सोलत होते. एकेक फोड त्याच्या तोंडात घालत राहिले. डॉक्टर म्हणतात अंगठा पहिल्यासारखा वळणार नाही. तुमचं दुकान महिनाभर बंद आहे, अण्णा, आणि ते मी बंद केलं. भावजयीचा फोन आला तेव्हा पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं होतं. सूड तुमच्यावर उगवायचा होता. तुम्ही हाताशी नव्हता, म्हणून तो सापडला.

हे पत्र पाठवायचं तर तुमचा पत्ता म्हणजे अजून ते दुकानच, आणि तिथं आलेलं टपाल तोच फोडतो. म्हणून पाठवत नाही. तुमची भीती मला कधीच वाटली नाही. त्याची वाटते.