कमरेएवढा खड्डा

झाशी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

आज थंडी बरी होती. सकाळी दूध आलं, मग खरेजी आले. दुपारी खरेजी परत आले, बरोबर त्यांचे साडू आणि एक मशीन होतं. संध्याकाळी सगळे गेले. माझं जेवण व्हायचं आहे.

ती. शकुआत्या,

विश्वंभरचा नमस्कार. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण मागच्या भेटीत तुम्हीच म्हणालात की वाक हवा तेवढा, गुडघ्याला मात्र हात लावू नकोस. तेव्हा लांबूनच करतो. नागपुरात थंडी पडली का? गुडघे काय म्हणतात? कानाचं यंत्र लावता का, की अजून डबीतच आहे? (डबीतच आहे. लावलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.) पार्थला आशीर्वाद. तुमच्या या नातवाबद्दलही थोडं लिहायचं आहे, पण ते क्रमाने.

पेंद्या गेला हे तुम्हाला माहीत आहे. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. माझा पहिला संशय खरेजींच्या घरून आलेल्या गुजियावर होता. (खरेजी म्हणजे आपल्यातले खरे नव्हेत, इकडचे कायस्थ खरे. गेली कित्येक वर्षं शेजारी आहेत, पण पाहुण्यांना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) जनावरांच्या डॉक्टरांना मी गुजियाबद्दल विचारलं. त्यांनी पेंद्याचे दात पाहिले, गळ्यातला पट्टा काढून सुई दिली आणि म्हणाले, वय झालं आहे, गुजियाचा दोष नाही. मी मान हलवली. रेल्वेच्या लेखा विभागात जन्मभर दुसऱ्यांच्या बिलांवर संशय घेण्याचाच पगार घेतला, ती सवय निवृत्तीच्या हारासोबत जात नाही. तरी गुजियाचं मी सोडून दिलं, कारण तोच गुजिया मीही खाल्ला होता.

तुम्ही पेंद्याला पाहिलं नाहीत. इलाइट चौराह्यावर रसाच्या गाडीखाली सापडला होता, मागचा एक पाय अधू, म्हणून नाव पेंद्या. इथे कोणाला ते नाव धड म्हणता येत नसे, सगळे पेंडिया म्हणत. त्यात त्याला हिंदीत हाक मारली तर तो ढिम्म हलत नसे. खरेजी त्याला घमंडी म्हणायचे. घमंड नव्हती, माझ्याशिवाय त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि मी मराठीतच बोलायचो. चल, पुरे, थांब, जेवलास का, आज ऊन फार आहे, एवढंच. तसं माझं बोलणं तेवढंच असतं.

तो गेल्यावर त्याचं काय करायचं यावर सगळ्यांचे सल्ले आले, आणि मला प्रत्येक सल्ल्यात काहीतरी दिसलं. समोरच्या घरातून निरोप आला की फोन केला की महापालिकेची गाडी येते, फक्त बाहेर रस्त्यावर ठेवायचं. बाहेर ठेवायचं, एवढं ऐकूनच मी आत वळलो. थंडीत त्याला मी कधी बाहेर ठेवलं नाही. आमच्या सेक्शनमधल्या सुभाषचंद्रने टहरौलीच्या शेतातला एक कोपरा देऊ केला. माणूस चांगला आहे, पण गव्हाच्या पेरणीचे दिवस, आणि ट्रॅक्टर कोपऱ्यातच वळतो. खरेजी म्हणाले, ओरछाला नेऊन बेतवेत सोडू, गाडी मी काढतो. आता हे खरेजी स्वतःच्या सासऱ्यांना स्टेशनवर सोडायलासुद्धा गाडी काढत नाहीत. त्यांना माझ्या कुत्र्यासाठी ओरछापर्यंत जायची एवढी घाई का? माझ्या मनात आलं, या माणसाला माझ्या अंगणात खड्डा व्हायला नको आहे. का नको, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मग मी ठरवलं की मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली. तो दुपारी तिथेच निजायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खोल पुरा आणि वर खडे मीठ घाला, नाहीतर दुसरी कुत्री उकरतात. म्हणून कमरेएवढा खणला आणि मिठाची गोणी आणली. (दुकानदाराने विचारलं, लोणचं घालताय का. मी हो म्हणालो.) आणि नेमकं तेव्हा मी तुम्हाला फोन केला, घरातलं माणूस म्हणून सांगावं म्हणून. आठवतं का? तुम्हाला ऐकू येईना, म्हणून मी अंगणात उभा राहून ओरडत होतो. तुम्ही विचारलंत कुठे पुरतोस, मी ओरडून सांगितलं मागच्या अंगणात. तुम्ही विचारलंत केवढा खणलास, मी ओरडलो कमरेएवढा. मग तुम्ही म्हणालात की नुसतं पुरू नकोस, हळदकुंकू वाहा, नारळ ठेव, हातून काही चुकलं असेल तर धरतीची क्षमा माग. मी सगळं केलं. मान वर केली तेव्हा खरेजींच्या गच्चीवर सगळं घर उभं होतं. धुणं वाळत घालायला पाच माणसं लागत नाहीत, आत्या.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. मला वाटलं, पेंद्याला गल्लीत एवढी माणसं होती हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. गहिवरूनही आलं. पण समाचाराला आलेला माणूस आपल्या तोंडाकडे बघतो. हे सगळे जमिनीकडे बघत होते. चहा पुढच्या खोलीत ठेवला तर कप घेऊन मागे जायचे. भाजीवाला, जो आजवर टोमॅटोच्या भावापलीकडे माझ्याशी बोललेला नाही, त्याने गाडी थांबवून हळूच विचारलं, "काय भैया, कछू निकरो?" मी म्हणालो, काय निघणार, कुत्रा पुरला आहे. त्याने डोळा मारला आणि मला एक गाजर जास्त दिलं.

शेवटी खरेजींनीच तोंड उघडलं. "भाई साहब, कुत्ते के लिए कमर तक गड्ढा? हम भी दुनिया देखे हैं." मग त्यांनी जे सांगितलं ते ऐका. त्यांची कैलासवासी आई आणि तुम्ही लहानपणी एकत्र खेळत होतात. तिने मरेपर्यंत सांगितलं की शकुन्तला बिट्टोने शपथेवर सांगितलं होतं, आमच्या मागच्या अंगणात पूर्वजांनी मोहरांचा हंडा पुरला आहे, दख्खनहून आलेला. म्हणजे ही वावडी उठवली तुम्ही, लग्न होऊन तुम्ही नागपूरला गेलात, आणि आपलं जुनं घर पाडून मी दोन खोल्या बांधल्या तरी वावडी इथेच राहिली. (मला आता आठवतं, पाया खणताना खरेजी रोज चहा घेऊन यायचे. मी त्याला शेजारधर्म समजत होतो.) खरेजींना बेतवा का सुचली तेही उघड झालं. त्यांच्या हिशेबाने मी कुत्र्याच्या निमित्ताने हंडा काढणार होतो.

पुढे नारळ गेला. एका सकाळी पाहतो तर वरची माती विस्कटलेली आणि नारळ जागेवर नाही. दुपारी रश्मीभाभींनी, म्हणजे खरेजींच्या पत्नीने, नारळाची बर्फी पाठवली. मी बर्फी पाहिली, वास घेतला, दोन खाल्ल्या. संशय गेला नाही, म्हणून तिसरी खाल्ली. या भाभी आधी कढीपत्त्यासाठी बाईला पाठवायच्या; आता रोज स्वतः येतात. "भैया जी, बस दो पत्ती मीठा नीम," असं म्हणतात आणि बरोबर पेंद्याच्या अंगावर उभ्या राहून इकडून तिकडून चपलेने माती दाबून पाहतात. कढी त्यांच्याकडे रोज होत असेल असं वाटत नाही. मी खिडकीतून बघतो आणि प्रत्येक वेळी वाटतं की त्याला लागत असेल. लागत नाही, ते मलाही कळतं.

त्याच आठवड्यात तुमच्या पार्थचा फोन आला. दोन दिवाळ्या त्याने मला मेसेजपलीकडे काही पाठवलं नव्हतं. आता म्हणाला, काका, खूप आठवण येते, पेंद्याचं वाईट वाटलं. मग अर्ध्या हिंदीत म्हणाला, वो अंगण का काग़ज़ किसके नाव पे आहे? आत्या, हे तुम्ही त्याला विचारायला सांगितलंत की नाही, ते मी विचारत नाही.

आता आजचं. दुपारी खरेजी आपल्या साडूंना घेऊन आले. साडू समथरहून आले आहेत आणि त्यांच्याकडे जमिनीतलं धातू शोधायचं मशीन आहे, काठीला ताटली लावल्यासारखं. खरेजी म्हणाले, तुमच्याच समाधानासाठी, एकदा फिरवू, काही नसलं तर गल्लीचं तोंड कायमचं बंद. मला ते पटलं, हीच माझी चूक. विहिरीपाशी फिरवलं, गप्प. भिंतीपाशी, गप्प. कढीपत्त्याखाली आलं आणि असं ओरडायला लागलं की गच्चीवरच्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या.

मी लगेच सांगितलं की तो पट्टा आहे. पेंद्याच्या पट्ट्याला पितळेची मोठी घंटी होती, लंगडत चालला की वाजायची, आणि पट्टा गळ्यातच राहिला असणार. त्या दिवशीचं मला सगळं नीट आठवत नाही, पण दुसरं काय असेल? साडू म्हणाले, "मशीन झूठ नहीं बोलती." खरेजी म्हणाले, "तो निकाल के दिखा दीजिए. पट्टा निकला तो हम हाथ जोड़ के माफ़ी माँगेंगे, समोसे हमारी तरफ़ से." आणि खरंच त्यांच्या मुलाने कुदळ आणली. मागे वळायच्या आत आणली, म्हणजे आधीपासून काढून ठेवलेली होती.

मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "हात लावायचा नाही. तो झोपलाय." मराठीत म्हणालो. त्याला पुरल्यापासून मोठ्याने मराठी बोलायची ती पहिलीच वेळ. खरेजींना मराठी येत नाही, पण ते दोन पावलं मागे सरले. साडूंनी मशीन बंद केलं. मग खरेजी फार शांतपणे म्हणाले की ठीक आहे, पण असं काही सापडलं तर सरकारला सांगावं लागतं, कायदा आहे, उद्या ते पुरातत्त्ववाल्यांना अर्ज देणार. आमच्यात वैर नाही, फक्त कायदा आहे, असंही म्हणाले. जाताना रश्मीभाभींनी दोन पत्ती घेतल्या.

एवढंच झालं. बाकी सर्व ठीक. माझी प्रकृती चांगली आहे, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. तुम्ही काळजी करू नका. पार्थला हे पत्र वाचायला देऊ नका, स्वतः चष्मा लावून वाचा. फोन मात्र करू नका.

आपला,
विश्वंभर

ता. क. १ : पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. मला तुमच्याकडून एक पोस्टकार्ड हवं आहे. पाकीट नको, उघडं कार्ड, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. त्यात लिहा की हंड्याची गोष्ट तुम्ही लहानपणी थट्टेने सांगितली होती, अंगणात कधीच काही नव्हतं, आणि असतं तर तुमच्या लग्नात कामी आलं असतं. शेवटचं वाक्य जरूर लिहा. इथल्या लोकांना ते पटेल. पोस्टमन कार्ड खरेजींच्या ओट्यावर बसून वाचतो, म्हणजे मला मिळायच्या आधी सगळ्यांना कळेल. अर्ज पुढे सरकायच्या आत कार्ड यायला हवं, नाहीतर ते पेंद्याला उकरतील. तुम्ही तेव्हा खोटं बोलला होतात की खरं, ते मला कळवायची गरज नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो. दाराच्या मागे, छत्रीच्या खिळ्यावर, पट्टा आहे. घंटीसकट. डॉक्टरांकडून येताना मी तो खिशात घातला असणार आणि घरी येऊन टांगला असणार. म्हणजे तो त्याच्या गळ्यात नव्हता.

ता. क. ३ : मागे जाऊन आलो. फावडं हातात घेतलं होतं, खोटं कशाला लिहू. झाडापर्यंत नेलं आणि परत ठेवून दिलं. खाली जे काही असेल त्याच्यापर्यंत जायला आधी पेंद्याला बाजूला करावं लागेल, आणि तो झोपलाय हे मी दुपारी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. पोस्टकार्डावरचा मजकूर तोच ठेवा, एक अक्षर बदलू नका. ता. क. २ वाचून झाला की फाडून टाका.

ताक आंबट होऊ लागलं आहे म्हणून कढी करतोय. फोडणीपुरता पाला तोडला, झाडाच्या पलीकडच्या बाजूने, भिंतीला टेकून हात लांब करून, म्हणजे पाय त्याच्यावर पडत नाही.