हुबेहूब बाप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कमरेने संमती दिली नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मान्य करून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की पहाटे अख्ख्या इमारतीला अजून तोच उठवतो? (त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र वाचून दाखवू नकोस. तू दाखवशीलच, पण मी बजावलं नव्हतं असं नको व्हायला.) इकडे दुकान ठीक, मी ठीक, मुंगी ठीक, असं आजवरच्या सगळ्या पत्रांत लिहीत आलो. आज तेच लिहायला घेतलं आणि मुंगीच्या नावापाशी पेन अडलं. मागे तू विचारलं होतंस की माझी लेक फोनवर दोन शब्दांच्या पुढे का जात नाही, आणि मी कळवलं होतं की घरातले सगळे शब्द मीच वापरतो, तिच्या वाट्याला उरतच नाहीत. लिहिताना मी स्वतःच हसलो होतो. आता ते आठवलं की कान गरम होतात.

माझी खोड तुला नवीन नाही. 'रेडिओ' हे नाव तूच ठेवलंस. लहानपणी घरी पाहुणे आले की तू मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला बसायचीस आणि मी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं की मांडीला असा चिमटा काढायचीस की पुढचा शब्द गिळला जायचा. तू लग्न होऊन गेलीस आणि रेडिओ बंद करायचं बटणच घरातून गेलं. पुढे रंगाचं दुकान काढलं, तिथे तर ही खोड धंद्याच्या कामी आली. गिऱ्हाईक 'जरा बाथरूमचं' एवढं म्हणेपर्यंत मी डबा काढून, झाकण उचकटून ढवळायला लागलेला असतो. (परवा एकाला रंग नको होता, बाथरूम कुठे आहे ते विचारायचं होतं.) मुंगीची आई गेली तेव्हा घर इतकं गप्प झालं की मला धडकीच भरली. कुणीतरी बोलत राहायला हवं म्हणून मी बोलत राहिलो. पोर हसायची, म्हणून आणखी विनोद केले. मध्ये कधीतरी ती हसायची थांबली. मी मात्र थांबलो नाही.

तर झालं असं, की आमच्या हौशी नाटकमंडळींच्या तालमीला एक बाई आल्या. वयाने माझ्या निम्म्या, पण डॉक्टर. औषध देणाऱ्या नव्हेत, संशोधन करणाऱ्या. (मी दुसऱ्या अंकातला विसरभोळा शेजारी करतो, हे तुला माहीत आहे. भूमिका तीच, नाटकं बदलतात.) त्यांना पन्नाशीपुढची माणसं हवी होती, बाप म्हणून. म्हणजे असं, की अठरा ते बावीस वयाची मुलंमुली मनातल्या आणि शरीराच्या गोष्टी घरी सांगत नाहीत. प्रेम, संबंध, त्यातून येणारी काळजी, तपासण्या, उडालेली झोप, छातीतली धडधड, सगळं आतल्या आत. या बाईंनी अशा मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला नुसतं माहितीपत्रक द्यायचं. दुसऱ्याला खोट्या आईबापांसमोर बसवून अवघड गोष्ट सांगायचा सराव करू द्यायचा. मग काही महिन्यांनी बघायचं, की कोण घरी बोललं, कोण डॉक्टरकडे गेलं, कुणाला झोप लागायला लागली. याला त्यांच्या भाषेत वर्तनविषयक हस्तक्षेप म्हणतात. हस्तक्षेप हा शब्द ऐकल्याबरोबर मी होकार दिला, कारण त्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. अट एकच होती, की घरी अवाक्षर काढायचं नाही. मी मुंगीला सांगितलं, तालमी चालू आहेत. आयुष्यात एकच गुपित पाळलं, आणि ते हे.

काम कसं चालायचं ते सांगतो. एक छोटी खोली, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि बाईंच्या हातात टेबलावरची घंटा. मुलांची नावं आम्हाला सांगत नसत. पहिल्या फेरीत मी त्या मुलाच्या घरच्या बापासारखं वागायचं, म्हणजे मुलाला खिंड लढवायची सवय होते. दुसऱ्या फेरीत ऐकून घेणारा बाप व्हायचं, म्हणजे पोर हलक्या मनाने घरी जातं. ताई, दुसऱ्या फेरीत मी काय ऐकायचो म्हणून सांगू! हात गुडघ्यांवर, तोंड बंद, मध्येच एखादं 'हं', फार झालं तर 'मग?'. उपदेश नाही, गोष्टी नाहीत. एक दाढीवाला धटिंगण तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला, शर्ट पिळावा लागला. नवीन शिकाऊ लोकांना माझं ऐकणं बघायला पाठवायचे. तुझा भाऊ ऐकतोय हे बघायला लोक येत होते! मी असा फुगलो होतो की घरी जिन्यात मावत नव्हतो.

त्या दिवशी बाईंनी पहिल्या फेरीचा बाप तोंडी समजावून दिला. मुलीने सांगितलेला. हा बाप वाक्य पुरं होऊ देत नाही. गंभीर काही निघालं की विनोद करतो. विनोदाला कुणी हसलं नाही तर स्वतः हसतो. तरीही भागलं नाही तर उठून नळ गळतोय का ते बघायला जातो. मी पोट धरून हसलो. म्हटलं, कोण हा गाढव? एकदा माझ्यासमोर आणा, चार शब्द सुनावतो. मग चहाच्या खोलीत जाऊन सगळ्यांना तो बाप करून दाखवला आणि पदरचं थोडं घातलं. चष्मा काढायचा, शर्टाला पुसायचा आणि म्हणायचं, 'बोला महाराणी!' सगळे खो खो हसले. बाईंनी विचारलं, काका, हे सुचतं कुठून? मी म्हटलं, निरीक्षण. (हा शब्द मी खरंच वापरला. मला आता तो फलकावरही वाचवत नाही.)

दार उघडलं आणि मुंगी आत आली.

निळी पिशवी खांद्याला, केस नीट बांधलेले, परीक्षेला निघताना बांधते तसे. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. नियम स्पष्ट होता, ओळखीचं कुणी आलं तर उठायचं, सांगायचं आणि बाहेर जायचं. मी सतरंजीकडे बघत बसलो. वाटलं, ती जाईल, मग मी काहीतरी सारवासारव करीन. ती गेली नाही. बसली. तिला वाटलं असेल, इथे तरी बाबा ऐकतील, इथे त्यांना नियम आहेत. घंटा वाजली. ती म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय." मग तिने सांगितलं. एक मुलगा होता. ते मोडलं. मोडण्याआधी दोघं जवळ आले होते, आणि नंतर तिला भीती वाटायला लागली म्हणून ती एकटीच दवाखान्यात जाऊन तपासणी करून आली. आवाज कापत होता, पण तिने थांबू दिला नाही. म्हणाली, "आणि बाबा, त्यानंतर..."

आणि मी चष्मा काढला. पुसला. म्हणालो, "मग महाराणी, पास की नापास?"

कुणी हसलं नाही, तेव्हा मी हसलो. मग नळ बघायला उठलो. त्या खोलीत नळ नाही, म्हणून खिडकीपर्यंत जाऊन परत आलो. शपथेवर सांगतो, यातलं काही मी मुद्दाम करत नव्हतो. भीतीने तोंडातून आपोआप निघत होतं. बाईंनी घंटा वाजवली. त्या खूश होत्या, बिचाऱ्यांना काय माहीत. म्हणाल्या, "हुबेहूब! असेच आहेत का गं तुझे बाबा?" मुंगी म्हणाली, "हो. अगदी असेच आहेत." तिने पिशवी उचलली आणि दुसऱ्या फेरीला न थांबता गेली.

बाईंना मी तेव्हाच सगळं सांगितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ती बैठक अभ्यासातून काढली, मुंगीला स्वतः फोन केला, आणि मला त्या कामातून मोकळं केलं. जाताना विचारलं, काका, इथे जे जमतं ते घरी का जमत नाही? मी म्हणालो, घरी घंटा नाही. त्या हसल्या नाहीत.

ताई, मला लाज वाटते. परक्यांच्या पोरांना मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि घरच्या पोरीला इतकी वर्षं फक्त पहिली फेरी दिली. तपासणीबद्दल मी तिच्यावर रागावलेलो नाही, उलट पोर शहाण्यासारखी वागली. पण त्या 'त्यानंतर'च्या पुढे काय होतं? ती जेवत नाही नीट, तिच्या खोलीतला दिवा विझत नाही, आणि मला फक्त अर्धं वाक्य माहीत आहे. काल धीर करून तिचं दार वाजवलं. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. दार उघडलं, तिचा चेहरा दिसला आणि मी म्हणालो, "महाराणी, खोलीचं भाडं थकलंय." तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

असो. गुडघ्यांना जप. भाऊजींना गरम पाणी पाजत जा.

तुझा,
रेडिओ

ता. क. तुझ्या खिडक्यांच्या रंगाचं विसरलेलो नाही. तू फोनवर रंग सांगत होतीस तेव्हा मी बोलत होतो, म्हणून ऐकायचं राहिलं. पुन्हा कळव.

ता. क. खरं काम हे, की तू ये. चार दिवस ये. मुंगी बोलायला लागली की माझ्या डाव्या बाजूला बस आणि मी तोंड उघडलं की चिमटा काढ. माझ्या वयाकडे बघू नकोस, जोरात काढ.

ता. क. खरं म्हणजे हे पत्र पाकिटात जाण्याआधी मुंगीच्या टेबलावर ठेवणार आहे. यात तिची गोष्ट आहे, तिला नको असेल तर ती फाडेल, आणि मग तू यातलं काही वाचणारच नाहीस. समोर गेलो की तोंडातून विनोद निघतो. कागदावरचा निदान खोडता येतो. यातले बरेच खोडले. उरलेत ते राहू देत, नाहीतर तिला वाटेल हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.

आत्या, मी मुंगी. फाडलं नाही. वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि 'त्यानंतर'पासून पुढचं सगळं सांगितलं. तपासणी ठीक आली, पण तेव्हापासून झोप येत नाही, रस्त्यात एकदम धडधडतं, कॉलेजला जाववत नाही, आणि आता एकटीने डॉक्टरांकडे जायचं नाहीये. उद्या बाबा बरोबर येणार आहेत. मला बराच वेळ लागला आणि मध्ये रडूही आलं, पण बाबा एक शब्द बोलले नाहीत. नळ खरंच गळत होता, तरी उठले नाहीत. आत्ता डाव्या मांडीवर बर्फ धरून बसलेत, स्वतःच स्वतःला चिमटे काढत होते. तू ये नक्की. फक्त त्यांच्या उजव्या बाजूला बस.