अठ्ठेचाळीस वेळा आत

शिरूर, ३ मार्च

ती. रखमाजीमामांच्या पायाशी भाचा सर्जेरावचा नमस्कार. (हात आधीच टेकलेत, आता सोबत डोकंही टेकतो.) मामींचा गुडघा काय म्हणतो? उसातला बिबट्या तुमच्या राहू गावातच आहे की त्यानं वस्ती बदलली? इकडं आम्ही धड आहोत, निदान कॅमेऱ्यात तसे दिसतो. फोनच केला असता, पण आमच्या कॉलेजात बोललेलं सगळं पुण्यात ऐकू जातं. कागदाला अजून कान बसवलेले नाहीत.

मामा, तुम्हाला वाटतं भाचा एमबीएच्या कॉलेजात कार्यालय अधीक्षक, म्हणजे पंख्याखाली आराम. कसला आलाय आराम. दोन वर्षांपूर्वी संस्थेत एक कंपनी शिरली आणि संचालक मंडळावर सातातले पाच जण कंपनीचे बसले. त्यातल्या एकानंही कॉलेजकडं येणारा न्हावऱ्याचा रस्ता पाहिलेला नाही. दर सोमवारी पडद्यावर येतात आणि माणशी तासाला नफा किती, याचा आलेख मागतात. वर्गात कॅमेरा, वाचनालयात कॅमेरा, मुतारीच्या दाराशी कॅमेरा (कोण किती मिनिटं आत, याचाही आलेख निघतो). आणि त्याच वर्गात पोरांना शिकवतात काय, तर माणसं कशी सांभाळावीत. लाज कशी वाटत नाही म्हणतो मी.

नोव्हेंबरात फाटकावर बोलकं मशीन बसलं. ते तोंड ओळखतं आणि विचारतं, येणं की जाणं, बोला. 'येतो', 'येते' म्हटलं की आत आल्याची नोंद, 'जातो', 'जाते' म्हटलं की बाहेर गेल्याची. खास ग्रामीण भागासाठी मराठीत केलंय म्हणून संचालकांनी स्वतःचा सत्कारही करून घेतला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणतं का कुणी?

तुमच्या आळीतली धुरपदाबाई आमच्याकडं झाडलोट करते. अकरा वर्षं झाली, दोन गाड्या बदलून येते. सकाळी मशीनला हात जोडून म्हणते, 'येते गं आत.' संध्याकाळी पदर सावरून, 'येते गं बाई.' जानेवारीच्या नोंदीत ती अठ्ठेचाळीस वेळा आत आली आणि एकदाही बाहेर गेली नाही. मंडळानं निष्कर्ष काढला की बाई कॉलेजातच राहते, लाईट-पाणी फुकट वापरते आणि चोवीस तासांत काम मात्र आठच तास करते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पडद्यासमोर उभं राहून सांगितलं की 'जातो' म्हणणं आमच्यात अशुभ. एक साहेब (गळ्यात टाय, आवाज अडकत अडकत) म्हणाले, मग बाईंना ट्रेनिंग द्या. दिलं, तासभर फाटकात उभं करून दिलं. ती म्हणाली, "साहेब, माजा मालक एकदाच जातो म्हणला, त्यो गेलाच. मी न्हाई म्हणायची." हे मंडळाला कळवलं, तर उत्तर आलं, कर्मचारी प्रणालीला सहकार्य करत नाही. अकरा वर्षांत जिनं विनाकारण खाडा केला नाही, तिची हजेरी हे तपासणार, ज्यांनी फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. असल्यांच्या नावानं आंघोळ करावी. शनिवारी हुकूम आला, धुरपदाबाईला कामावरून कमी करा, झाडलोट ठेकेदार बघेल.

रागानं अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घ्या. मामींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं हात फिरवा.

तुमचा भाचा,
सर्जेराव

ता. क. सोबत बंद पाकीट आहे. बाई सुट्टीवर आहे, बुधवारी कामावर निघेल. त्याआधी तिला ते द्या. तिला वाचता येत नाही, तुम्हीच वाचून दाखवा, जरा हळू आवाजात.

आणखी एक. पाकिटातल्या पत्राखाली सही माझी आहे. नसती केली तर दुसरं पाकीट माझ्या नावाचं तयार होतं, आणि लेक प्रगतीची यंदा बारावी. माझी स्वतःची नोंद स्वच्छ आहे, मामा. पहिल्या आठवड्यापासून मी मशीनला खणखणीत 'जातो' म्हणतो. सही कुणाची म्हणून बाई विचारील. मशीनची म्हणून सांगा.