पिवळ्या चिठ्ठीचा कोट

५ जानेवारी, पहाटे पाच

आजपासून योद्ध्याचं जीवन. न्यायला कोणी न आलेल्या एका ओव्हरकोटाच्या खिशात पुस्तक सापडलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, पण जुन्या योद्ध्यांची शिकवण ठासून भरलेली. माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोक खिशात काय काय विसरतात, तत्त्वज्ञान पहिल्यांदाच. योद्धा पहाटे थंड पाण्याने अंघोळ करतो. केली.

बायको परवा तिच्या बहिणीकडे राहायला गेली. येईल चार दिवसांत. तोवर अंगाला शिस्त लागलेली बरी.

५ जानेवारी, सकाळी नऊ

शिंका. पुस्तकात ऋतूचा उल्लेख नाही. उद्यापासून कोमट.

८ जानेवारी

भांडणाचं कारण लिहून ठेवतो, पुढे दोघांना वाचून हसता येईल. तिचा हिरवा कोट. लग्नाआधी मीच घेऊन दिलेला. बाहीवर कॉफीचा डाग, तीन हिवाळे झाले. तिचं म्हणणं, जगाचे डाग काढतोस, घरी नेऊन देतोस, आणि माझ्या कोटाला दर वेळी उद्या. दिव्याखाली अंधार, असंही म्हणाली. मी म्हणालो, गिऱ्हाईक आधी. ती म्हणाली, बरं, मग मी गिऱ्हाईक.

आणि खरंच काउंटरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. स्वतःच पावती फाडली, कोटाला चिठ्ठी टाचली, दांडीवर लावला आणि गेली. चिठ्ठी पिवळी. आमच्याकडे निळी म्हणजे गिऱ्हाईक येऊन नेणार, पिवळी म्हणजे आपण घरी पोचवायचं. पत्ता बहिणीचा.

माणूस साधा असता तर फसला असता. पुस्तक म्हणतं, शत्रूच्या आमिषाला हात लावू नये, किल्ला सोडून बाहेर पडू नये. (ती शत्रू नाही. पण नियम तो नियम.) कोट जिथे आहे तिथेच राहील.

९ जानेवारी

जमिनीवर झोपलो. योद्धा गादीचा मोह धरत नाही.

१० जानेवारी

पाठ. मोजे घालतानाही ओरडलो. गादी हा मोह नसून उपचार आहे.

१७ जानेवारी, शनिवार

शनिवार म्हणजे कपडे पोचवण्याचा वार. मेहुणीच्याच गल्लीत दोन गिऱ्हाइकं आहेत, त्याला माझा इलाज नाही. स्कूटरवरून गेलो. मेहुणीच्या घराचा पडदा हलला. मान वळवली नाही. एका बाईंना सूट दिला, पलीकडच्या घरात साड्या दिल्या. साड्या देताना पावती उलटी धरली होती म्हणे.

मान न वळवणं किती अवघड असतं, हे पुस्तकात लिहिलेलं नाही.

२० जानेवारी

उंच दांडीवरचे कपडे काढायची आकडीची काठी घेऊन तलवारीचा सराव. ट्यूबलाइट फुटली. इस्त्रीच्या मावशींनी केरसुणी आणून दिली आणि विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, वेढा सुरू आहे. त्या म्हणाल्या, वेढा कोणी कुणाला घातलाय? मावशींना युद्धशास्त्र कळत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

पुन्हा तीच गल्ली. खिडकीत होती. आज पडदाही नव्हता. स्कूटरच्या पुढे अडकवलेल्या कपड्यांकडे बघत होती. त्यात हिरवं काही नव्हतं. मी आरशात बघितलं. आरशात बघणं म्हणजे मान वळवणं नव्हे.

२ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. म्हणाली, भावजी, ताई दर शनिवारी सकाळपासून खिडकीशी बसते. तुम्ही एकदा येऊन जा ना. म्हटलं, विचार करतो. फोन ठेवल्यावर पुस्तक उघडलं. प्रतिपक्ष अस्वस्थ झाला की घाई करू नये. म्हणजे मी योग्य मार्गावर आहे. आणखी दोन शनिवार, फार तर तीन.

भात करपला. घरभर वास. खिडक्या उघडल्या तर थंडी.

१२ फेब्रुवारी

तिचाच फोन. दुकानाच्या नंबरवर. कोट झाला का, एवढंच विचारलं. मला खूप काही बोलायचं होतं. पण पुस्तक म्हणतं, योद्ध्याचं मन चेहऱ्यावर दिसू नये. फोनवर चेहरा नसतो, म्हणून आवाज सांभाळला. काउंटरवरच्या आवाजात म्हणालो, लाइनीत आहे मॅडम. ती बरं म्हणाली.

जिंकलो. दुपारचा डबा तसाच परत आणला. पोट बिघडलं असावं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

खिडकीत कोणी नव्हतं. मान पूर्ण वळवून बघितलं. आजारी असेल. की बाजारात गेली असेल? गल्लीला उगाच दुसरा फेरा मारला. सूटवाल्या बाईंनी विचारलं, काही राहिलं का?

६ मार्च

ऊन वाढलं. लोक आता कोट धुऊन ठेवून द्यायला आणू लागलेत. मावशी म्हणाल्या, हिरवा तेवढा एकच कोट असा असेल, जो घालायच्या आधी थंडी संपली. बोलून गेल्या आणि इस्त्री करत बसल्या.

पुस्तक पुन्हा वाचलं. नायिका, बायको, घर, काही म्हणून नाही त्यात. बहुतेक सुरुवातीच्या फाटलेल्या पानांत असेल.

१३ मार्च

आक्रमणाचा निर्णय. कोट धुतला. डाग चहाच्या चमच्याएवढा. थोडंसं औषध, मऊ ब्रश, वाफ. मावशींचा चहा व्हायच्या आत निघाला. तीन हिवाळे, आणि एवढंसं काम. वाफेच्या नळीशी उभा राहून रडलो. मावशींनी मशीन मोठ्याने सुरू केलं.

उद्या शनिवार. ती दार उघडेल, मी म्हणेन, घरपोच. ती हसेल. परत येताना मागे बसेल. दुसरं हेल्मेट पुसून ठेवलं.

१४ मार्च, शनिवार

दार तिनेच उघडलं. केस कापलेत. मी म्हणालो, घरपोच. हसली नाही. आत बोलावलं, पाणी दिलं. दाराशी बांधलेल्या बॅगा होत्या. दुसऱ्या गावी नोकरी मिळाली, सोमवारी जायचं, खोलीही बघून झाली.

तिने कोट हातात घेतला आणि आमच्या काउंटरवर बसायची तेव्हा बघायची तसा उजेडाकडे धरून बघितला. बाही, कॉलर, अस्तर. डाग अगदी गेलाय, म्हणाली. आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. मग म्हणाली, मला फोनवर मॅडम म्हणालास ना, त्या दिवशी संध्याकाळी जाऊन दुसरा कोट घेतला. हा तू ने.

मी म्हणालो, चुकलो. म्हणाली, माहीत आहे. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कोट घेऊन आलो. मागचं हेल्मेट वाटभर आदळत होतं.

१५ मार्च

पुस्तक ओव्हरकोटाच्या खिशात परत ठेवलं. मालक आला तर त्याचं त्याला.

हिरव्या कोटाची पिवळी चिठ्ठी काढून निळी लावली. मावशींना फोन केला, यापुढे दुकान रविवारीही उघडं. त्या म्हणाल्या, रविवारी कोण मरायला येतंय? म्हटलं, कोणी आलंच तर.