पारी जाड आहे म्हणणारा जावई

हॅडली क्रीक, नेब्रास्का
२३ मार्च २००३

ती. इर्माताईस व्हर्ननचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

इराकच्या लढाईच्या वेळी फ्रेंचांनी पाठ फिरवली, तेव्हापासून गाव पेटलंय. आपल्या पोरांनी यांना हिटलरच्या तावडीतून सोडवलं, आणि आता हेच आपल्याला अक्कल शिकवणार! मी आपल्या खानावळीच्या फळ्यावरचं 'फ्रेंच फ्राईज' पुसून 'स्वातंत्र्य फ्राईज' लिहिलं. शनिवारी दारासमोर सगळ्यांनी मिळून फ्रेंच वाइन गटारात ओतली. गावात ती कुणाकडेच नव्हती, म्हणून ओमाहाहून सहा बाटल्या विकत आणवल्या.

तिसरी बाटली ओततोय तोच आमची जनेल गाडीतून उतरली. फ्रान्समध्ये लिआँला शिकायला गेलेली लेक नवरा ठरवून आली, आणि तोही फ्रेंच! बर्त्राँ त्याचं नाव. आत येऊन प्रत्येकाशी हात मिळवला, पण हसेल तर शपथ. तरी पाहुणा म्हणून मी लुसिलच्या कृतीनं केलेला आपला ॲपल पाय पुढे ठेवला आणि कसा झालाय विचारलं. आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. या पठ्ठ्यानं सावकाश चावलं, विचार केला आणि म्हणाला की सफरचंद उत्तम आहेत, पारी जाड आहे. माझ्या गेलेल्या बायकोच्या पायला नावं ठेवतो!

लग्न जूनमध्ये, तिकडेच. मी येणार नाही, असं सांगून टाकलं. जनेल रडत गेली.

तुझी माया आहेच, या वेळी बाजूही माझीच घे.
तुझा व्हर्नन


डेटन, ओहायो
२ एप्रिल २००३

चि. व्हर्नन यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. वि. वि.

अरे, वाइन ओतायला म्हणून विकत आणलीस? तिकडच्या मळेवाल्यानं तुझा फोटो भिंतीला लावला असेल. साठ वर्षांत तुला भेटलेला हा पहिला फ्रेंच, आणि राग मात्र जुन्या भाऊबंदकीतला!

जनेलचा फोन आला होता. ती सांगत होती की तिकडे न चाखता छान छान म्हणणं म्हणजे माणसाला वाटेला लावणं. आपलं गोड बोलणं त्यांना लबाड वाटतं, त्यांचं खरं बोलणं आपल्याला उर्मट वाटतं. एवढंच भांडण आहे बघ.

आता खुर्चीवर बस आणि मग पुढचं वाच. लुसिल गेली त्याला नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं तुझी पारी जाडच आहे. ती मळलेलं पीठ तासभर गारठ्यात ठेवायची, तू घाईनं लाटतोस. मी दर थँक्सगिव्हिंगला वा वा करत कॉफीबरोबर गिळते. त्या पोरानं बोलून दाखवलं, मी नाही. चूक माझी आहे.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
इर्मा


हॅडली क्रीक
१९ एप्रिल २००३

ती. इर्माताईस सा. न. (रुसूनच) वि. वि.

तुझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून गावात एकेकाला धरून विचारलं. पोस्टातली बाई आधी आकाशाकडे बघत राहिली, मग म्हणाली की जरा चिवट असतो खरा. पास्टर म्हणाले की खोटं बोलणं पाप आहे, पण तुझ्या पायपुरती देव सूट देतो. नऊ वर्षं, इर्मा! एकालाही तोंड नव्हतं!

मग काल पीठ तासभर गारठवलं. पारी पातळ लाटली गेली. पहिला घास घेतला आणि लुसिल स्वयंपाकघरात असल्यासारखं वाटलं. मी फार रडलो.

आता तूही खरं ऐक. हा मुलगा टेक्सासचा असता तरी मला नकोच होता. लिआँ कुठे आणि हॅडली क्रीक कुठे! ती परत येणार नाही. त्याचा राग मी कुणावर काढू? फ्रेंचांना शिव्या देताना निदान गाव सोबत असतं. पण गावाला आता काय सांगू?

तुझा मूर्ख भाऊ


डेटन
२६ एप्रिल २००३

चि. व्हर्नन, आशीर्वाद. वि. वि.

गावाला काहीही सांग, नाहीतर ॲपल पाय खायला घाल, गप्प बसतील. हा गुडघा मला विमानात बसू देत नाही. लुसिल नाही. तू गेला नाहीस तर चर्चमध्ये नवऱ्यापर्यंतची वाट पोर बापाच्या हाताशिवाय एकटी चालेल. तिची माणसं म्हणून तिथे कुणीही नसेल. राग घेऊन गेलास तरी चालेल, पण जा.

काळजीत असलेली
इर्मा


लिआँ
१५ जून २००३

ती. इर्माताईस सप्रेम सा. न. वि. वि.

काल लग्न झालं. बर्त्राँच्या आईनं भेटल्या भेटल्या सांगितलं की माझा कोट एक माप मोठा आहे. होताच. तिनं स्वतः टाचण्या लावून दिल्या, आणि तेव्हाही हसली नाही. बाई मला आवडली.

आत चालत जायच्या आधी चर्चच्या दाराशी जनेलनं विचारलं की बाबा, तुम्ही खूश आहात ना. आपलं नेहमीचं उत्तर जिभेवर आलंच होतं. पण मी म्हणालो, नाही. म्हणालो की मुलगा चांगला आहे, पण तू फार लांब चाललीस आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली की तिलाही भीती वाटतेय.

मग वाजंत्री सुरू झाली. सगळे उठून उभे राहिले. बाकांमधली, बर्त्राँपर्यंतची वाट वीसेक पावलांची होती. मी जितकं हळू चालता येईल तितकं हळू चाललो.

उरलेली माया भेटीत देईन.
तुझा व्हर्नन